उतरलेला ताप कुणाच्या नावावर

"आता तुम्हीच सांगा महाराज, तापानं फणफणलेल्या माणसानं भरवसा ठेवावा तरी कुणावर? सुई टोचणाऱ्यावर? अंगारा लावणाऱ्यावर? की ज्याच्या बापानं आणि आज्यानं या सातपुड्यातली मुळी न् मुळी ओळखली, त्याच्या पुडीवर?"

केशवगिरी महाराजांनी अंगावरचं घोंगडं जरा वर ओढून घेतलं.



पुंजूशेठ नेरकरांना तरी उत्तर कुठं हवं होतं? प्रश्न विचारताना उत्तर आपल्याच खिशात ठेवायचं, ही त्यांची दुकानदारीतली जुनी खोड. गिऱ्हाइकाला विचारायचं, "सुंठ कोणती देऊ?" आणि तोवर हात आपल्याला हव्या त्या डब्यात गेलेला असायचा.

चोपड्याच्या पेठेत त्यांचं आज्यापासूनचं काष्ठौषधीचं दुकान. पायरीशी उभं राहिलं तरी वावडिंग, हिरडा, ओवा, सगळ्यांचा मिळून एक वास यायचा. शाळा चौथीत सुटली, पण शिकणं सुटलं नाही. उमेदीच्या वयात ते याच उमरझिऱ्याच्या मठात यायचे. महाराजांच्या मागं मागं डोंगर चढायचे. गुळवेल कोणत्या झाडावर चढलेली घ्यावी, काडेचिराईत चाखून कसं पारखावं, हे सगळं इथलंच. बाकीचं त्यांनी गिऱ्हाइकांकडून उचललं. दुकानदाराचं गुरुकुल म्हणजे त्याचा गल्ला, असं ते स्वतःच म्हणायचे.

आज ते जीप घेऊन आले होते. स्वतः चालवत. उद्या श्रावणातला शेवटचा सोमवार, मठाची यात्रा. जीपमध्ये मागं गच्च गोण्या.

आल्या आल्या त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. दोन्ही हातांनी पाय घट्ट धरले होते. ओसरीवरच्या लोकांनी ते पाहिलं. लोकांनी पाहिलं, हे पुंजूशेठनीही पाहिलं.

"ताप म्हणजे काय, हे मला शिकवायला आता कुणी उरलं नाही," ते मांडी ठोकून बसत म्हणाले. "तुमचा आशीर्वाद. माणूस माझ्या पायरीवर चढला ना, की मला कळतं. नाडी धरायचंही काम नाही. डोळ्यांच्या कडा, ओठांची साल, चालण्यातला झोल... पित्ताचा ताप वेगळा, बाधलेल्या पाण्याचा वेगळा, उन्हाचा वेगळा. पायरीवरच ओळखतो."

"पायरीवरच?"

"पायरीवरच, महाराज."

महाराज हसले. हसता हसता त्यांचे खांदे थरथरले.

धुनीचा धूर लागला असेल, असं पुंजूशेठच्या मनात आलं. हवेत घामट उकाडा होता, पान हलत नव्हतं, तरी महाराज घोंगडं पांघरून बसले होते. साधू माणसं. त्यांना काय ऊन, काय थंडी.

"ते नवे फौजदार आले ना आपल्याकडं," पुंजूशेठ रंगात आले. "आले तसे तापले. सगळं ठाणं चिडीचूप. शिपाई बिचारा माझ्याकडं धावत आला. मी स्वतः गेलो, काढा उकळला, समोर धरला. साहेबांनी पहिला घोट थुंकला! म्हणाले, 'अहो शेठ, हे औषध आहे का शिक्षा?' मी म्हटलं, 'साहेब, मुकाट्यानं कबूल करा, लवकर सुटाल.'"

ओसरीवर हशा पिकला.

"आणि सुटले! दोन-चार दिवसांत फटफटीवर बसून पेठेत. दुकानासमोर गाडी थांबवून मला सलाम केला, महाराज. फौजदारानं! सगळी पेठ बघत होती."

ही गोष्ट त्यांनी किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नव्हती. पण प्रत्येक वेळी सलामाशी आले, की त्यांची छाती आपसूक पुढं यायची.

"आजवर एक माणूस तक्रार घेऊन परत आला नाही."

"...एकही?"

"एकही नाही."

महाराज धुनीकडं बघत राहिले.

"कुठं गेले असतील?"

"कोण?"

"जे परत आले नाहीत ते."

"अहो, बरे झाले!" पुंजूशेठ मोठ्यानं हसले. "बरा झालेला माणूस औषधाच्या दुकानात कशाला येईल?"

"तेही खरं."

...

"आणि ज्याचा ताप उतरत नाही त्याचं काय?" महाराजांनी विचारलं.

"त्यानं पथ्य मोडलेलं असतं. दुसरं काय?" पुंजूशेठनी बोटं दुमडायला सुरुवात केली. "पुडीवर छापलेलंच आहे. आंबट नाही, तेलकट नाही, वाऱ्यात बसणं नाही, दुपारची झोप नाही, शिळं नाही, जागरण नाही. मी तोंडानंही बजावतो. पथ्य मोडणाऱ्यानं माझ्या पायरीला पाय लावू नये."

"एवढं पथ्य कुणाला पाळता येतं, पुंजू?"

"तेच ना!"

हे 'तेच ना' तोंडातून अगदी आनंदानं निघून गेलं. मग आपलं काहीतरी किंचित चुकलं, असं त्यांना वाटलं. तांदळात खडा असावा आणि दाताखाली येता येता निसटावा, तसं. त्यांनी तो शोधला नाही.

"मी तुला ताप म्हणजे काय सांगितलं होतं, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? त्या वरच्या खडकावर बसून सांगितलं होतं. ताप म्हणजे चोर नव्हे. गावातला जागल्या."

"आणि जागल्यानं हाळी दिली तर?"

"उठावं. कंदील घ्यावा. चोर कुठं शिरला ते बघावं."

"तू काय करतोस?"

पुंजूशेठ मिशीत हसले. "मी जागल्याला गप्प करतो, महाराज. लोकांना झोप हवी असते."

ओसरीवर पुन्हा हशा. या वेळी महाराज मात्र हसले नाहीत.

...

आता मुद्द्यावर यायला हरकत नव्हती. पुंजूशेठनी कोटाच्या खिशातून एक पुडी काढली आणि दोन्ही हातांनी महाराजांपुढं ठेवली. लाल शाईत ठसठशीत नाव होतं, 'पुंजूशेठचा ताप-काढा'. आणि वर, कमानीसारखं, 'प. पू. केशवगिरी महाराजांच्या कृपेने'.

"तेवढी परवानगी हवी होती. उद्या यात्रेत सगळा खानदेश लोटेल. पंधरवड्यानं बघा, धुळ्यापासून बऱ्हाणपूरपर्यंत घराघरात ही पुडी."

महाराजांनी पुडी डोळ्यांजवळ नेली. हात कापत होता.

"हे छापलेलंच आहे की."

"गोण्या भरून छापलंय."

"मग विचारतोस कशाला?"

"आशीर्वाद लागतो ना!"

महाराजांनी पुडी खाली ठेवली. आत स्वयंपाक करणाऱ्या भागाबाईंनी चुलीत लाकूड सारलं, तेवढाच आवाज.

"पुंजू, मघाशी माझ्या पाया पडलास ना?"

"पडलो की."

"कसे होते पाय?"

पुंजूशेठ गोंधळले. असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

"...पवित्र, महाराज."

"गार, की गरम?"

...

महाराजांनी घोंगड्यातून एक पाय पुढं केला.

पुंजूशेठनी हात लावला आणि तव्याला लागावा तसा मागं घेतला. तळवा नुसता फणफणत होता. मग त्यांना सगळं एकदम दिसलं. डोळ्यांच्या कडा लाल. ओठांची साल निघालेली. उकाड्यात घोंगडं, थरथरणारे खांदे, कापणारा हात. तो धूर नव्हता. मांडीला मांडी लावून ते इतका वेळ तापाशेजारी बसून तापाबद्दलच बोलत होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सकाळपासून पाणी पाणी करताहेत," भागाबाई दारात येऊन म्हणाल्या.

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही बोलू कुठं दिलंत, शेठ?"

ओसरीवर कुणीतरी खोकलं. ते खोकणं तापाचं नव्हतं, हे मात्र पुंजूशेठनी तिथल्या तिथं ओळखलं.

पण असा हार मानणारा माणूस नव्हे तो. त्यांनी कोट काढला, बाह्या वर केल्या. खाली मान घालून बसण्यापेक्षा हातात काम घेतलेलं बरं, हा पेठेतला नेम. चुलीपुढं उकिडवं बसून त्यांनी स्वतः काढा टाकला. गुळवेल, सुंठ, काडेचिराईत, चार मिऱ्या, तुळशीची पानं. पाणी आटून चौथा हिस्सा उरेपर्यंत ते हलले नाहीत. काढा पितळी पेल्यात गाळला, वर पळसाचं पान झाकलं आणि महाराजांच्या उशाशी, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"गरम गरम घ्या."

"घेतो. आधी पेज आण. पातळ. मीठ घालून."

त्यांनी पेज आणली. महाराज घोट घोट प्यायले. मग पाणी मागितलं. मग पुन्हा पाणी. हुडहुडी सरली तेव्हा म्हणाले, "आता हे घोंगडं काढ." पुंजूशेठनी ते काढलं आणि अंगावर एक पातळ धोतर टाकलं. कपाळावर ठेवायला फडकं भिजवलं.

"पाणी झऱ्याचं नको," महाराज डोळे मिटून म्हणाले.

"कोमटच घेतलंय. गार पाण्यानं अंग आकसतं, पुन्हा हुडहुडी भरते."

"आठवतंय म्हणायचं."

पुंजूशेठनी फडकं पुन्हा बुडवलं. फडकं भिजवायचं, पिळायचं, कपाळावर, मानेवर, काखेत फिरवायचं. किती वर्षांत हे केलं नव्हतं! दुकान मोठं झालं तसा हात पुडीपर्यंतच जायला लागला होता. कपाळापर्यंत जातच नव्हता. पण बोटं विसरली नव्हती. कपाळाची धग कमी होताना त्यांना बोटांच्या टोकांना कळत होती, आणि त्या कळण्याचा त्यांना अभिमान वाटला. फौजदाराच्या सलामापेक्षा निराळा. याला बघायला पेठ नव्हती.

पहाटे महाराजांना दरदरून घाम आला. अंग निवलं.

सकाळी यात्रेकरूंची पहिली रांग लागली तेव्हा महाराज उठून भिंतीला टेकून बसले होते, आणि पुंजूशेठ दारात उभे राहून सांगत होते.

"काल संध्याकाळी, या इथंच, अंगावर लाही फुटेल असा ताप! मी हातानं काढा केला. आणि आज बघा... बसलेत! बघा डोळे, बघा तेज. हाच तो काढा. हीच ती पुडी." त्यांनी पुडी उंच धरली. रांगेतले हात पुढं आले. रात्रीची शरम घामाबरोबर धुऊन गेली होती. आवाजाला पहिली धार आली होती. माणसाचा स्वभाव म्हणजे तागडीचा काटा. वजन काढलं की आपल्या जागी येतो.

"पुंजू," आतून हाक आली. "माझा पेला दे रे."

पुंजूशेठ आत गेले. कट्ट्यावरचा पेला उचलला.

जड लागला.

कडेनं वळलेलं पळसाचं पान बाजूला केलं. काढा काठोकाठ होता, गाळ बुडाशी बसलेला. वर एक डास मरून तरंगत होता.

महाराजांनी वाकून पेल्यात पाहिलं.

"एकाला तरी गार केलं म्हणायचं काढ्यानं."

पुंजूशेठचा चेहरा उतरला. मग ताठ झाला.

"तुम्ही प्यायलाच नाहीत."

"राहिलं खरं."

"तुमचा ताप हलका होता, महाराज. आपला आपण उतरला."

"हो," महाराज म्हणाले. "बहुतेक ताप हलकेच असतात."

...

"तुझं नाव त्या हलक्या तापांनीच मोठं केलं."

पुंजूशेठ पेला हातात धरून उभे राहिले. बाहेर रांगेतून कुणीतरी ओरडलं, "शेठ, पुड्या आणा ना!" एरवी या हाकेवर ते उडी मारून गेले असते. दुकानदाराला याहून गोड भजन नसतं.

ते बाहेर गेले. पण पुड्या काढण्याआधीच रांग दुभंगली.

डोंगराच्या वाटेनं चार माणसं एक बाज खांद्यावर घेऊन येत होती. बाजेवर एक बाई. पुढं चालणारा माणूस पावरा आदिवासी होता, उंच, हडकलेला, डोक्याला लाल फडकं. त्यानं बाज उंबराच्या सावलीत ठेवायला लावली आणि मठाच्या दाराशी आला. त्याचं लक्ष पुंजूशेठकडं गेलं.

तो जागीच थबकला. मग त्यानं हात जोडले.

"शेठ, रागावू नका. तुम्ही इथं आहात, माहीत नव्हतं."

"मी कशाला रागावू? तू कोण?"

"दुरसिंग. वरच्या पाड्याचा. ही माझी घरवाली, रेमी. तुमच्याच दुकानातून पुड्या नेल्या होत्या." त्यानं कमरेची गाठ सोडून दाखवली. चुरगळलेला कागद, लाल शाई. "पथ्य आमच्याकडूनच मोडलं, शेठ. एक दिवस अंबाडीची भाजी खाल्ली तिनं. आंबट. घरात दुसरं काही नव्हतं."

पुंजूशेठनी तो कागद हातात घेतला.

"मग दुकानावर का नाही आलास?"

"काय तोंड घेऊन येऊ? तुम्हीच बोलले होते ना, पथ्य मोडलं तर माझ्या पायरीला पाय लावायचा नाही. म्हणून महाराजांकडं आलो. अंगारा मागायला."

दारात महाराज येऊन उभे राहिले होते. चौकटीला धरून.

"ताप कसा येतो?" पुंजूशेठनी विचारलं. आवाज उंच नव्हता.

"हुडहुडी भरते. बाज हालते एवढी. मग भट्टी पेटते. मग घाम, आणि मोकळी होते. दुसऱ्या दिवशी शेतात पण जाते. आम्ही बोललो, काढा लागू पडला! परत पुढच्या दिवशी तेच. परत काढा, परत मोकळी. परत तेच..." दुरसिंग थांबला. "कालपासून मोकळी होत नाही. मला पण ओळखत नाही."

एकाआड एक दिवस. हुडहुडी, भट्टी, घाम.

हिवताप. पायरीवर चढणाऱ्या शेंबड्या पोरानंही ओळखला असता. पण पुडी न्यायला रेमी आलीच नव्हती. आला होता दुरसिंग, आणि पुंजूशेठनी त्याला एक शब्द विचारला नव्हता. पुडी दिली होती आणि पथ्य सांगितलं होतं.

ते बाजेपाशी गेले.

खाली गुडघे टेकले. रेमीचे डोळे अर्धे उघडे होते. त्यांनी पापणी हलकेच खाली ओढली. आत हळदीसारखं पिवळं. कपाळाला हात लावला. निखारा. मग ते बाजेच्या दुसऱ्या टोकाला सरकले आणि दोन्ही हातांनी तिचे पाय धरले.

रांगेत कुजबुज झाली. चोपड्याचे पुंजूशेठ नेरकर डोंगरातल्या पावऱ्याच्या बायकोचे पाय धरून बसलेत! कुणीतरी म्हणालं, "शेठ, हे काय करताय?"

त्यांना ऐकू गेलं नाही. ते हातांनी ऐकत होते.

डोकं पेटलेलं, आणि पाय झऱ्यातल्या दगडासारखे गार.

...

पुंजूशेठ उठले. धोतराला लागलेली माती त्यांनी झटकली नाही.

"दुरसिंगभाऊ, पथ्य तुमचं मोडलं नाही."

"मग, शेठ?"

रांगेतले सगळे ऐकत होते. फौजदाराची गोष्ट काल ज्यांनी ऐकली होती, तेही होते. जीपमध्ये गोण्या होत्या. गोण्यांवर नाव होतं. घरातल्या तीन पिढ्यांनी ते नाव कमावलं होतं. आज बापाच्या आणि आज्याच्या वाट्याचंही त्यांच्याच हातात होतं.

"औषध चुकलं," ते मोठ्यानं म्हणाले. "ऐका सगळे. हा माझ्या काढ्याचा ताप नाही. याला दवाखाना लागतो. काचेवर रक्त घेऊन बघावं लागतं, त्याच्या गोळ्या असतात, सुया असतात. आधीच न्यायला पाहिजे होतं. मी सांगायला पाहिजे होतं."

"पण शेठ," रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "महाराजांना तर तुमच्याच काढ्यानं..."

"महाराज प्यायलेच नाहीत!"

एवढं बोलून त्यांनी जीपचं मागचं फळकूट खाली पाडलं आणि पहिली गोणी ओढली. ती धपकन खाली आली आणि उसवली. पुड्या मातीत पसरल्या. दुसरी गोणी. तिसरी. दुरसिंगची माणसं मदतीला धावली. काल संध्याकाळपर्यंत ज्या मालाला उन्हाची तिरीप लागू नये म्हणून ताडपत्री बांधली होती, तो माल उंबराखाली उघड्यावर पडला. कोंबड्या येऊन चोच मारून बघायला लागल्या. एकीनं चोच मारली, मान झटकली आणि चालती झाली. कडूच तो.

मोकळ्या झालेल्या जागेत त्यांनी महाराजांचं घोंगडं दुमडून घातलं. विचारलं नाही. महाराजांनीही दिलं असं म्हटलं नाही. रेमीला उचलून आत ठेवलं. दुरसिंग तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. भागाबाईंनी पाण्याचा तांब्या आणि ओलं फडकं आणून त्याच्या हातात दिलं.

"तोंडात पाणी ओतू नको," पुंजूशेठ वळून म्हणाले. "शुद्धीत नाही ती, घशात अडकेल. ओठ ओले कर नुसते. कपाळावर फडकं ठेव. पायांवर पांघरूण घाल. आणि तिच्याशी बोलत राहा."

"काय बोलू, शेठ?"

"तुझी बायको आहे. मला काय विचारतोस?"

दुरसिंग एवढ्या सगळ्यात किंचित हसला. मग खाली वाकून बायकोच्या कानाशी त्यांच्या बोलीत काहीतरी सांगायला लागला.

पुंजूशेठ जीपमध्ये स्टिअरिंगच्या चाकापाशी बसले. त्यांची मान ताठ होती. लोक बघत होते म्हणून नव्हे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक ताप खरोखर ओळखला होता, दोन्ही हातांनी, आणि हा आपल्या दुकानातला नाही, असं चारचौघांत म्हटलं होतं. त्यांच्या धंद्यात हे वाक्य फार महाग असतं. सगळी दुकानं पालथी घातली तरी सहसा मिळत नाही.

त्यांनी किल्ली फिरवली. जीप खोकली, पुन्हा खोकली, मग धडधडायला लागली.

महाराज एकेक पाऊल टाकत जीपपाशी आले. भिंतीचा आधार संपल्यावर त्यांनी जीपच्या दाराचा घेतला. चेहरा अजून ओढलेला होता.

"पुंजू."

"महाराज, उशीर होतोय."

"एकच. ही बरी झाली तर कुणाच्या नावावर मांडशील?"

"दवाखान्याच्या." पुंजूशेठनी पटकन उत्तर दिलं. मग मागं बघून म्हणाले, "आणि हिच्या. हिच्या जिवाच्या."

"आणि नाही झाली तर?"

...

जीप धडधडत होती. मागं दुरसिंगचं बोलणं चालूच होतं, हळू, न थांबता. पुंजूशेठचे हात चाकावर होते. त्या हातांना अजून गार पाय आठवत होते.

"...माझ्या."

महाराजांनी दारावरचा हात काढला.

"मग जा. आणि जे परत आले नाहीत त्यांच्याकडं एकदा जाऊन ये, पुंजू... हिशेब खरा ठेव."